'तुमच्यात असं, आमच्यात तसं' यातून बाहेर यायचं कसं? कोपरखैरण्यातल्या महिला मंडळाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. कोपरखैरण्यातल्या एका महिला मंडळाने ८ मार्चला स्त्रियांच्या हक्कांवर बैठक घेतली. सातारा-सांगलीकडच्या माथाडी घरांतल्या, मार्केटमध्ये दुकान असलेल्या कच्छी-गुजराती घरांतल्या, जौनपूर-आझमगढहून आलेल्या, कलबुर्गी-यादगीरकडच्या बिगारी काम करणाऱ्या कानडी आणि थोड्या तेलुगू अशा सगळ्या बायका आल्या. बोलणं हुंडा आणि घुंघट यांवरून सुरू झालं. अर्ध्या तासात ते 'तुमच्यात बायकांना असंच ठेवतात' इथवर गेलं आणि निम्म्या जणी चहा न घेताच उठल्या. आता त्यांना परत एका सतरंजीवर कसं बसवायचं, आणि बसवून करायचं काय?

चूक बायकांची नाही, विषय ज्या टोकाने धरला त्या टोकाची आहे. प्रथा ही 'आमच्या लोकांची' असते. तिच्यावर कोणी बोट ठेवलं की घरात त्याच प्रथेने पोळलेली बाईसुद्धा बाहेर तिचीच बाजू घेते. परक्यांसमोर आपलं माणूस उघडं पाडायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं. कागद मात्र 'माझा' असतो. घराच्या करारावर माझं नाव आहे की नाही, गावच्या उताऱ्यावर आहे की नाही, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, या प्रश्नांना जात-भाषा नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की बैठक प्रथेवरून सुरू करू नका, कागदावरून सुरू करा. प्रथेचं बोलणं मागून आपोआप येतं, आणि तेव्हा ते बाईच्या स्वतःच्या तोंडून येतं.

आधी बैठकीची मांडणी. २० ते २४ बायका पुरे. त्याहून जास्त झाल्या की भाषांतर कोलमडतं. कुठल्याही भाषेची एकटी बाई बोलावू नका, किमान तिघी तरी असाव्यात, नाहीतर ती दोन तास नुसती मान डोलावते. सभेसारख्या खुर्च्या मांडू नका, गोल बसा, आणि एका भाषेच्या बायका शेजारीशेजारी बसू द्या. 'मिसळून बसा' हा आग्रह पहिल्या दोन बैठकांत धरू नका, कारण दुभाषी बाईला हळू आवाजात सांगता आलं पाहिजे. वेळ दुपारी अडीच ते साडेचार. त्याआधी धुणीभांड्याची कामं आटपत नाहीत आणि त्यानंतर मुलं शाळेतून येतात. जागा समाजमंदिर किंवा अंगणवाडी. कुठल्याही देवळाचं सभागृह किंवा कुणाच्या घरची गच्ची नको.

हळदीकुंकवाला जोडून बैठक घेऊ नका. सोपं जातं, बायका जमलेल्याच असतात, हे खरं. पण विधवा येत नाहीत आणि कौशा-मुंब्र्याहून कुणी मुसलमान बहीण आली असेल तर ती दारातच थबकते. कानडीत अरिशिण-कुंकुम, तेलुगूत पसुपु-कुंकुम, म्हणजे रीत तिन्हीकडे एकच आणि बाहेर राहणारी बाईही तिन्हीकडे तीच. कोल्हापूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या वेशीजवळच्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हा दाखला तुमच्या बैठकीत जरूर येऊ द्या, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी आणि एखाद्या विधवा बाईनेच तो काढला तर.

दुभाषा निवडताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. घरातली सून, जाऊ किंवा बारा वर्षांची मुलगी कधीच नको. सासूसमोर सून सासूचंच भाषांतर करते, आणि मुलीला आईचं दुखणं स्वतःच्या तोंडाने सांगायला लावणं हे वाईटच. अंगणवाडी सेविका, आशा ताई किंवा दुसऱ्या गल्लीतली शिकलेली बाई चांगली. बोलणारीने दोन वाक्यं बोलून थांबायचं, मग भाषांतर. तासाभराच्या विषयाला पावणेदोन तास लागतात, हे आधीच धरून चला आणि विषय निम्मा करा.

हिंदी सगळ्यांना येते असं समजून चालतो, तिथेच घोटाळा होतो. मराठीत 'सही कर' म्हणजे हस्ताक्षर कर. जौनपूरच्या बाईला ते 'दुरुस्त कर' असं ऐकू येऊ शकतं, तिच्याकडे दस्तखत म्हणतात. आपली 'शिक्षा' म्हणजे दंड, तिची 'शिक्षा' म्हणजे शाळा. आपला 'संसार' घरातला, तिचा सगळ्या जगाचा. आपला 'खून' म्हणजे जीव घेणं, तिचा 'खून' म्हणजे रक्त. आणि 'बाई' हा शब्द तर जपूनच वापरा. आपल्याकडे तो शाळेतल्या बाईंना लावतात, पण उत्तरेकडच्या कानाला त्यात कमीपणा वाटू शकतो आणि इथल्या टॉवरमध्ये तो कामवालीसाठी वापरतात. ताई, बेन, दीदी, अक्का, आपा, जिला जे आवडेल ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. पैशांच्या बाबतीत शब्दांची जोडी भिंतीवर लावून ठेवली तर फार उपयोग होतो: मराठीत पोटगी, हिंदीत गुजारा भत्ता, गुजरातीत भरणपोषण, कानडीत जीवनांश.

पहिल्या बैठकीत कायदा अजिबात नको. एकच शब्द घ्या: माहेर. प्रत्येक भाषेच्या गटाने आपला शब्द सांगायचा आणि त्या घरातली आपली एक जागा सांगायची, चुलीशेजारची, माडीवरची, विहिरीवरची. मराठीत माहेर म्हणजे मूळचं मातृगृह, आईचं घर. गुजरातीत पियर, म्हणजे पितृगृह. पूर्व उत्तर प्रदेशात नइहर किंवा मायका. कानडीत तवरुमने, तेलुगूत पुट्टिल्लु, म्हणजे जन्मलो ते घर. एखादी गोव्याची असेल तर ती कुळार म्हणेल. कुठे आईचं, कुठे बापाचं, कुठे जन्माचं, कुठे कुळाचं. प्रत्येक भाषेने त्या घराला आपापल्या बाजूने नाव दिलं आहे. मग शेवटच्या दहा मिनिटांत एक प्रश्न टाका आणि उत्तराची सक्ती करू नका: या घराच्या कागदावर आज कोणाकोणाची नावं आहेत? बहुतेकींना माहीत नसतं. तेवढ्यावरच बैठक संपवा. पुढच्या वेळी कोण काय घेऊन येणार, ते त्या आपोआप विचारतात.

दुसरी बैठक इथल्या घराच्या कागदांची. खरे कागद आणायला सांगू नका. कागद घराबाहेर नेले म्हणून एखादीला मार बसेल, आणि हरवले तर जबाबदारी तुमच्यावर. कोऱ्या नमुन्यांच्या छायाप्रती करून आणा: खरेदी कराराची सूची क्रमांक २, सोसायटीचं भागपत्र, नामनिर्देशनाचा अर्ज, भाडेकरार, रेशनकार्ड, विवाह नोंदणीचा दाखला. प्रत्येकीने आपल्या घरात या कागदावर ज्याचं नाव आहे तिथे फक्त एक खूण करायची: माझं, नवऱ्याचं, सासऱ्याचं, माहीत नाही. शेवटी सगळ्या प्रती पालथ्या घालून एकत्र करा आणि खुणा मोजा. कोणाची प्रत कोणती हे कुणालाच कळत नाही आणि 'तुमच्यात-आमच्यात' करायला जागा उरत नाही.

इथे काही गोष्टी नीट समजावून द्या, कारण त्यांवर हमखास गैरसमज आहेत. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. सभासदाच्या मृत्यूनंतर खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. 'ह्यांनी मला नॉमिनी केलंय, काळजी नाही' असं जी म्हणते तिलाच हे आधी सांगा. उलट रेशनकार्डाचं सोपं आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली आहे, आणि ते सातारा, भुज, जौनपूर, यादगीर सगळीकडे सारखंच. पहिल्यांदा सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी समजल्याची खूण दिसते ती बहुतेक इथेच.

शेजाऱ्यांची तुलना इथे कामाला येते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवराबायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. गुजरातेत सूट दुसऱ्या जागी आहे: घेणाऱ्या फक्त स्त्रियाच असतील तर नोंदणी शुल्क माफ. कच्छी घरांत दुकानाचं, घराचं नाव 'बेनच्या नावे' घेण्याची चाल अशा सवलतींमुळेही वाढली. त्यावरून चांगला प्रश्न निघतो: नाव तुझं, पण विकायचं कोण ठरवतं? हा प्रश्न गुजराती बायकांना बाहेरून विचारू नका. मराठी बायकांनाही तोच लागू आहे, तिथून सुरुवात करा. नवऱ्याने हयातीत राहतं घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा लागू शकतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारूनच कागद करा. जागा सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागते का, तेही आधी पाहा. हे न पाहता पैसे भरून बसलेली माणसं नवी मुंबईत कमी नाहीत.

आता तिसरी बैठक. वेळ आणि जीव सगळ्यात जास्त इथे लावा. विषय गावचा उतारा. मोबाइलवर महाराष्ट्राचं महाभूलेख, गुजरातचं एनीआरओआर, कर्नाटकचं भूमी, उत्तर प्रदेशचं भूलेख ही सरकारी संकेतस्थळं उघडतात. जिल्हा, तालुका, गाव आणि गट किंवा सर्वे नंबर किंवा खातेदाराचं नाव एवढं लागतं. बायकांना गट नंबर माहीत नसतो, म्हणून बापाचं किंवा आजोबांचं पूर्ण नाव आदल्या दिवशी विचारून ठेवायला सांगा. चार फोन, चार राज्यं, चार गट. नुसतं पाहायला पैसे लागत नाहीत. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि कामाला तोच चालतो.

गंमत अशी की गुजराती आणि मराठी बायकांचा कागद जवळजवळ एकच निघतो. दोघींचा सातबारा, दोघींचा आठ-अ, दोघींची फेरफाराची, म्हणजे नावबदलाची, नोंद गाव नमुना सहामध्ये. दोन्ही राज्यं १ मे १९६० पर्यंत एकच होती, महसुलाचे नमुने त्याच घराण्यातले. कलबुर्गीची बाई त्यालाच पहाणी म्हणते, जौनपूरची खतौनी.

मराठी सातबारा हातात घेऊन नीट पाहायला शिकवा. मधल्या रकान्यात भोगवटादारांची, म्हणजे जमीनधारकांची, नावं असतात. उजवीकडे 'कुळ, खंड व इतर अधिकार' असा रकाना असतो. बापाच्या मागे भावांची नावं मधल्या रकान्यात आणि बहिणींची उजवीकडे 'इतर अधिकारात', असं जुन्या नोंदींत फार ठिकाणी सापडतं. बाई आनंदाने म्हणते 'आहे की माझं नाव!' पण ते कुठे आहे ते पाहा. दुसरी खूण म्हणजे एका भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' ही अक्षरं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांच्या मागे बाकीची भावंडं, बहिणी, कधी आईसुद्धा झाकलेली असते. नावांच्या शेजारी कंसात किंवा वर्तुळात फेरफार क्रमांक असतात. तो क्रमांक लिहून घ्यायचा आणि त्याची प्रत मागवायची. नाव कधी, कशाने, कोणाच्या सहीने गेलं ते त्यात कळतं. बाप वारला असेल तर वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत गावच्या तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, द्यायचा असतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. नोंदीआधी सगळ्या वारसांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. ती नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि बहीण घणसोलीत असते, तिथेच सगळं निसटतं. म्हणून अर्जात इथला पत्ता आणि मोबाइल नंबर लिहायलाच लावा. एवढं करूनही लक्षात ठेवा, सातबारा हा महसुलाचा कागद आहे. वाटा नाकारला तर शेवटी वाटपाचा दावा दिवाणी कोर्टातच करावा लागतो.

आता राज्याराज्यांत फरक काय, ते सांगायची वेळ. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला जन्मतः हक्क आंध्राने १९८५ पासून दिला, तमिळनाडूने १९८९ मध्ये, कर्नाटक आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये. आपल्याकडची तारीख २२ जून १९९४. त्याआधी लग्न झालेल्या मुली त्या कायद्यांतून वगळल्या होत्या. गुजरातने असा बदल केला नव्हता, तिथल्या मुलींना ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली. त्या दुरुस्तीने लग्न झालेली आणि न झालेली हा भेद काढला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की २००५ मध्ये बाप हयात असण्याचीही अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपं मात्र उघडता येत नाहीत. बैठकीत या तारखा फळ्यावर लिहा. आपलं राज्य सगळ्यात पुढे, असं जिला वाटत असतं ती तेलुगू बाईकडे पहिल्यांदा नीट बघते.

उत्तर प्रदेशचं वेगळं आहे आणि इथे घाईने बोलू नका. तिथल्या शेतजमिनीचा वारसा तिथल्या महसूल संहितेने ठरतो. विधवा, अविवाहित मुली आणि मुलगे पहिल्या फळीत येतात, विवाहित मुलगी मागे राहते. म्हणजे मुलगा असेल तर तिचा क्रमांकच येत नाही. 'आता मुलींना सगळीकडे सारखा हक्क आहे' असं ठोकून दिलं तर जौनपूरची बाई गावी जाऊन भांडते आणि तोंडघशी पडते. पुढे ती तुमच्याकडे येणार नाही. तिला तिथल्या वकिलाकडून चालू नियम पाहून घ्यायला सांगा. मात्र हेही दाखवा की ती संहिता हिंदू-मुसलमान असा फरक करत नाही. १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे आझमगढची मुसलमान बाई आणि जौनपूरची हिंदू बाई एकाच खतौनीच्या एकाच नियमाखाली येतात. बैठकीत एकमेकींपासून सगळ्यात लांब बसलेल्या दोघी याच मुद्द्यावर जवळ येतात. गोव्याची कोणी असेल तर तिच्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. वेगळा करार नसेल तर लग्न झालं की दोघांच्या मालमत्तेत नवराबायको निम्मेनिम्मे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असंही म्हटलं की मूळ रहिवास गोव्याचा असेल तर गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही तोच कायदा लागतो.

हे सगळं झालं की कोणीतरी हळूच म्हणतं, 'मी तर सही देऊन टाकली.' बैठकीचा गाभा इथे आहे. मराठीत हक्कसोड, गुजरातेत हक कमी, राजस्थानात हकत्याग, कानडीत हक्कु बिडुगडे. शब्द वेगळे, कागद एक. सही देण्याचं कारणही एकच: माहेर तुटू नये. भाऊ दिवाळीला नेईल, पोरीच्या लग्नात मामा म्हणून उभा राहील, नवऱ्याने टाकलं तर दार उघडेल. गुजराती घरात मामेरं, उत्तरेत भात, आपल्याकडे साडीचोळी आणि बाळंतपण. बाई जमीन फुकट सोडत नाही, परत यायची वाट विकत घेते. म्हणून जिने सही दिली तिला 'का दिलीस' असं कुणीही विचारायचं नाही, हा नियम बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. नवी मुंबईत हे अगदी दारात आहे. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर आगरी-कोळी बहिणींच्या सह्या लागतात, आणि भूखंडाचा भाव कळल्यावर बहिणीचं माहेरही अवघड होतं.

सही मागायला आले तर काय पाहायचं, ते मात्र पाठ करून घ्या. कागदाचं नाव वाचायचं: हक्कसोडपत्र आहे, मुखत्यारपत्र आहे, संमतीपत्र आहे की नुसतं प्रतिज्ञापत्र. मुखत्यारपत्र साधारणपणे रद्द करता येतं, नोंदवलेलं हक्कसोडपत्र कोर्टात गेल्याशिवाय हलत नाही. एका गटाचा हक्क सोडतोय की सगळ्या मिळकतीचा, ते पाहायचं, कारण 'व इतर सर्व मिळकती' हे चार शब्द शेवटच्या ओळीत असतात. कोणाच्या लाभात, सगळ्या भावांच्या की एकाच्या? मोबदल्याच्या ओळीत 'मोबदला मिळाला' असं लिहिलंय आणि हातात काहीच नाही, असं तर नाही? कोऱ्या कागदावर अंगठा कधीच नाही. दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा घेतात, त्या वेळी राजीखुशीने देताय का असं विचारतात. नको असेल तर तोंडाने सांगायची ती शेवटची सोपी जागा. फसवून घेतलेली सही रद्द करून मागायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं असतात, पण बाईला कळलं कधी हे सिद्ध करताना दमछाक होते. आणि द्यायचीच असेल तरी मधला रस्ता आहे: जमीन भावाची, पण गावच्या घरातल्या एका खोलीत राहण्याचा हक्क लिहून नोंदवून घ्यायचा. माहेरच हवं असेल तर माहेरच कागदावर घ्यावं.

चौथी बैठक त्रासाची, आणि ती पहिली कधीच ठेवू नका. यात राज्याच्या सीमेचा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. सुरतेला दिलेली मुलगी मार खाऊन कळव्याला आईकडे आली, की तिला सांगतात 'सुरतेला जाऊन तक्रार कर'. हे चूक आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई जिथे तात्पुरतीसुद्धा राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. छळाचा गुन्हाही तिने जिथे आसरा घेतला तिथे नोंदवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तर हद्द कुठलीही असो, ठाण्याने खबर लिहूनच घ्यायची, म्हणजे झिरो एफआयआर, हे कलम १७३ मध्येच आलं आहे. ठाणे अंमलदार टाळायला लागला तर हे कलम तोंडपाठ असलेली एक बाई सोबत असावी. घरातून काढलेल्या बाईला राहण्याचा आदेशही कौटुंबिक हिंसाचार कायद्यातच मिळतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्यावरून तो नाकारता येत नाही.

नवी मुंबईत एक साधी चूक वारंवार होते. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, उलवे रायगड जिल्ह्यात. पोलीस आयुक्तालय एक, पण कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि मोफत वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण जिल्ह्याप्रमाणे. खारघरच्या बाईला ठाण्याला पाठवलं की तिचा एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते, दुसऱ्यांदा ती निघतच नाही. पत्ता विचारल्याशिवाय कुणालाही कुठेही पाठवू नका. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर विचारता येतं. तातडीला ११२, सल्ल्याला १८१, लहान मुलामुलींसाठी १०९८. घरकाम करणाऱ्या बायकांना कामाच्या घरी छेडछाड झाली तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. हे टॉवरमधल्या मालकिणींनाही त्याच बैठकीत ऐकू द्या.

गावाकडे नेऊन लहानपणीच लावलेल्या लग्नाचा विषय कानडी गटात निघेल. केंद्राच्या कायद्यात बालविवाह मुलीने सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत रद्द करून घ्यायचा असतो. कर्नाटकाने आपल्या दुरुस्तीने तो मुळातच अवैध ठरवला. गुजराती-राजस्थानी गटातून साट्याचं लग्न निघेल: माझी बहीण तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे, आणि एक मोडलं की दुसरी सुखात असली तरी परत. मराठीत 'साटंलोटं' हा शब्द आपण राजकारणासाठी वापरतो, पण तो मूळचा या लग्नांचाच. हे सांगितलं की 'तुमच्यात' म्हणणाऱ्यांचा आवाज खाली येतो. जातपंचायतीने फारकत लिहून दिली असेल तर तिच्या भरवशावर दुसरं लग्न करण्याआधी वकिलाला दाखवा. आणि पंचांनी वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे.

योजनांवरून भांडण होईलच. लाडकी बहीणमध्ये १५०० रुपये, कर्नाटकातल्या गृहलक्ष्मीत २०००, तिकडे बस फुकट, इकडे एसटीत निम्मं तिकीट. मग कोणीतरी म्हणतं की 'बाहेरच्यांना आमचे पैसे'. हा विषय पाच मिनिटांवर जाऊ देऊ नका. एवढंच सांगा की परराज्यात जन्मलेल्या बाईचं लग्न इथल्या रहिवाशाशी झालं असेल तर लाडकी बहीणला नवऱ्याचे रहिवासाचे कागद चालवले गेले. आणि परत कागदावरच्या नावांकडे वळा.

बैठकीची वही ठेवा, पण तिच्यात नावं लिहू नका. तारीख, किती बायका, किती भाषा, कोणता कागद पाहिला, कोणाला कुठे पाठवलं ते फक्त नाव-आडनावाशिवायच्या खुणेने लिहा. ती वही घरी कोणाच्या हाती लागली तरी एकही बाई ओळखू येता कामा नये. दोन बैठकांत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, कारण गावाहून गट नंबर यायला तेवढे लागतात. पुढची तारीख उठण्याआधीच ठरवा, आणि ती ठरवताना पहिल्यांदा त्या बायकांना विचारा, ज्या ८ मार्चला चहा न घेता उठल्या होत्या.